अकरा फूट चार इंच

विलासनं टेप सोडली, शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत:
अकरा फूट चार इंच.
फौंड्रीत पॅटर्न करणारा माणूस,
सुताएवढी सूट देत नाही कुणाला.
पडद्यापासून माणूस चार फूट पुढं,
नाहीतर सावली चिकटते पाठीला.
स्टुलाचा एक फूट.
उरलं ते माझं, ट्रायपॉडचं
आणि कोपऱ्यातल्या त्याच्या स्कूटरचं.

लक्ष्मीपुरीतल्या बागवानांनी दोन लेन्स दिल्या होत्या.
सोमवारपर्यंत वापरा, म्हणाले, मग एक ठेवा.
एक पन्नासची, प्लॅस्टिकची,
भाजीच्या पिशवीत टाकली तर मेथीखाली हरवेल एवढी.
दुसरी पंच्याऐंशीची. जुनी, हाताला जड,
पुढच्या काचेवर केसाएवढा ओरखडा.
"फोटोत येत नाही तो," बागवान म्हणाले,
"किमतीत तेवढा येतो."

मी पन्नासच ठेवणार होते.
खोली पन्नासची, ऐपत पन्नासची,
राजारामपुरीतली आमची गल्लीसुद्धा पन्नासचीच.

विलासवर करून बघितली.
चेहरा भरून घ्यायला तीन फुटांवर गेले,
तर नाक उंबऱ्याबाहेर येऊन उभं,
कोण आलंय बघत,
आणि कान आत, कुठंतरी मागच्या खोलीत.
"मी असा दिसतोय?"
"लेन्सला दिसतोयस."
तो जेवला नाही नीट त्या रात्री.

रविवारी रणधीर चौगुले आला, तालमीतला,
अंघोळ करून, तरी नखांत तांबडी माती.
सोबत आत्या. फोटो लग्नाच्या माहितीपत्रकाला.
"बाई, ह्याचं कान तेवढं झाका कशानं तरी,
पोरीकडची माणसं बिचकत्यात."
झाकायला केस कुठं होते,
पण पन्नासनं आपणहून झाकले.
तीन फुटांवरून दोन्ही कान गालांमागं गेले,
आत्या खूश.
तो मात्र स्क्रीनकडं बघत राहिला.
"ह्यो मी न्हाई."
मग हळूच, जणू हिशेब सांगतोय:
"डावा सांगलीत मोडला.
उजवा वस्तादांनीच, सरावात.
सात वर्सांची कमाई हाय ती, ताई."

मी पंच्याऐंशी चढवली.
त्याचे खांदे मावेनात.
मागं सरले. अजून मावेनात.
स्कूटर बाहेर काढली, पाठ भिंतीला टेकली,
एक खांदा अजून गल्लीत.
मग सगळंच फिरवलं.
पडदा शटरवर टांगला, स्टूल त्याच्यापुढं,
स्वयंपाकघराच्या दाराचं पातेलं-फुलांचं कापड काढलं
आणि मागं, मागं, उंबरा ओलांडून मागं,
कंबर ओट्याला लागेपर्यंत.

आता मला ओरडावं लागत होतं.
"हनुवटी खाली! नाही, एवढी नको!"
मघाशी तीन फुटांवरून
तो माझ्याकडं जोडीदार पैलवानासारखा बघत होता,
पकड कुठं मिळेल शोधत.
एवढ्या लांबून पकड कशाची करणार?
हात सुटले मांडीवर.
डोळ्यांतली खडाखडी थांबली.
आणि कान आले,
आपापल्या जागेवर, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना,
फोडलेल्या गुळाच्या खड्यांसारखे,
ओबडधोबड, घट्ट.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही.
चष्मा पदरानं पुसला, परत बघितलं.
"दोन कॉप्या काढा," म्हणाली. "एक मला."

मागं दूध उतू गेलं होतं,
शेगडीभर, फरशीवर, माझ्या टाचेखाली.
कुणीच बघितलं नव्हतं.

सोमवारी बागवानांना पन्नास परत दिली,
पंच्याऐंशीचे चार हप्ते ठरले,
ओरखड्यापायी पाचवा त्यांनी सोडला.

संध्याकाळी विलास टेप घेऊन बसला,
शटरपासून ओट्यापर्यंत.
आकडा मला सांगितला नाही.
ओट्याच्या अलीकडं खडूनं एक रेघ ओढली
आणि म्हणाला,
"ह्याच्या मागं जाऊ नको, गॅस आहे."